चढत्या विमानाला पुढच्या विमानाच्या हवेचा झटका: अंतराचे नियम पाळूनही असे का होते?

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर

नमस्कार. माझा टेरी टॉवेलचा व्यवसाय आहे आणि त्या निमित्ताने अधूनमधून दिल्लीला जावे लागते. गेल्या खेपेला वडिलांनाही बरोबर घेतले होते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि तेथून सकाळचे विमान धरले. विमान धावपट्टी सोडून समुद्रावरून चढत होते, आकाश निरभ्र होते आणि उड्डाण इतके शांत चालले होते की वडिलांनी पट्ट्याचे बकल सैल करून घेतले. तेवढ्यात डावा पंख एकाएकी खाली गेला, विमान एका कुशीवर कलले, पुढच्याच क्षणी उजवीकडे झुकले आणि एक दणका बसून पुन्हा सरळ झाले. हा सारा प्रकार चार-पाच सेकंदांत आटोपला. इंजिनांच्या आवाजात काहीही फरक पडला नव्हता. वडील आसनावरून सरकून त्यांचे कोपर हाताच्या दांडीवर आपटले; सुदैवाने मुका मार लागण्यावरच निभावले. काही वेळाने वैमानिकांनी सांगितले की पुढे गेलेल्या मोठ्या विमानामागची हवा लागली, काळजीचे कारण नाही.

उजनीच्या जलाशयात लाँच पुढे गेली की तिच्या मागच्या लाटांवर लहान होडी हेलकावते, तसाच हा प्रकार असावा असा माझा समज आहे. पण मग दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर राखण्याचे नियम असताना झटका बसतोच कसा? कोणी तरी नियम मोडला असे समजायचे का? विमान चढत असताना हा धोका अधिक असतो का? आणि आता आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून एटीआरसारखी लहान विमाने उडू लागली आहेत, त्यांना याचा त्रास जास्त होईल का? वडील पुन्हा विमानात बसायला नको म्हणत आहेत, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

---

निवृत्त नियंत्रक, जुळे सोलापूर

नमस्कार. माझी सारी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात गेली, त्यामुळे जे लिहितो ते त्या बाजूने लिहितो. आपले वर्णन वेक टर्ब्युलन्सशी, म्हणजे पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांशी, तंतोतंत जुळते. आधी एका बाजूला कलणे, मग दुसऱ्या बाजूला, एखादा दणका आणि लगेच पूर्ववत शांतता, अशी त्याची खूण असते.

आपण दिलेली लाँचची उपमा एका बाबतीत फसवी आहे. लाटा पाण्याच्या पृष्ठभागावर पसरत जातात. विमानामागचे भोवरे मात्र खाली उतरत जातात. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो. विमान तोलून धरले जाते ते याच फरकामुळे, आणि याच फरकामुळे पंखांच्या टोकांशी खालची हवा वळसा घेऊन वर येऊ पाहते. त्यातून प्रत्येक पंखामागे एक असे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे तयार होतात, आणि ते एकमेकांना खाली ढकलत मिनिटाला साधारण 300 ते 500 फूट या वेगाने उतरतात. पुढे त्यांचा जोर ओसरत जातो आणि विमानाच्या वाटेखाली 500 ते 1,000 फुटांच्या आसपास ते रेंगाळतात. म्हणजे विमान गेले त्या रेषेपेक्षा तिच्या खालचा थर जास्त संशयास्पद असतो. हा खालचा थर कृपया लक्षात ठेवावा, कारण चढाईच्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

आता नियमांविषयी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मूळ वर्गीकरणात उड्डाणावेळच्या कमाल वजनावरून गट पाडले आहेत: 7,000 किलोपर्यंत लाइट, त्यापुढे 1,36,000 किलोच्या आत मीडियम, आणि 1,36,000 किलो व त्याहून अधिक ते हेवी. एअरबस ए-380 साठी सुपर हा निराळा गट केला गेला. आपले विमान ए-320 किंवा 737 जातीचे असेल तर ते मीडियम. हेवीमागून मीडियमने उड्डाण करायचे असेल तर त्याच धावपट्टीवर 2 मिनिटे थांबावे लागते आणि ए-380 मागून 3 मिनिटे. रडारवर हेच अंतर हेवीमागे 5 आणि ए-380 मागे 7 नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर) असते. नियंत्रकाच्या पुढ्यातल्या उड्डाण-नोंदीच्या पट्टीवर प्रत्येक विमानाच्या जातीशेजारी त्याच्या गटाचे अक्षर असते, आणि हेवी विमानाचा वैमानिक पहिल्यांदा संपर्क साधताना आपल्या हाकेच्या नावापुढे स्वतःहून ‘हेवी’ हा शब्द उच्चारतो. हे ऐकले की नियंत्रकाचे लक्ष आपोआप त्याच्या मागच्या विमानाकडे जाते.

पण हे अंतर भोवरा पूर्णपणे नाहीसा व्हावा म्हणून आखलेले नाही. भोवरा भेटलाच तर तो मागच्या विमानाला सावरता येईल इतपत क्षीण झालेला असावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे. म्हणून आपल्याला झटका बसला यावरून कोणी नियम मोडला असा निष्कर्ष काढता येणार नाही. काटेकोर 2 मिनिटे मोजूनही अशा भेटी होतात आणि पुढेही होत राहतील. प्रवाशांपर्यंत ही गोष्ट नीट पोहोचवली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. ‘काळजीचे कारण नाही’ हे खरेच असते, पण माणसाला कारणही कळले पाहिजे.

---

प्राध्यापिका, यंत्र अभियांत्रिकी, विजापूर रोड

वरील प्रतिसाद उत्तम आहे. चढाईच्या मुद्द्यावर मी थोडे गणित मांडते, कारण अंतर पाळूनही भेट कशी होते ते त्यावाचून स्पष्ट होणार नाही.

भोवऱ्याचे बळ विमानाच्या वजनाच्या सम प्रमाणात आणि त्याचा वेग, पंखांची रुंदी (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) व हवेची घनता यांच्या व्यस्त प्रमाणात असते. जड आणि संथ विमान सर्वांत बळकट भोवरे सोडते. बोइंग 777-300 ईआरचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे 350 टन असते, तर उतरताना ते 250 टनांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे लागते, कारण दरम्यान इंधन जळलेले असते. म्हणजे एकच विमान उतरण्यापेक्षा चढताना कितीतरी जड असते, आणि धावपट्टी नुकतीच सोडलेली असल्यामुळे वेगही बेताचाच असतो. त्याच्यामागून 78 टनांच्या घरातले ए-320 निघते.

आता अशी कल्पना करू की दोन्ही विमाने नेमक्या एकाच वाटेने, दर नॉटिकल मैलाला 600 फूट या चढाने जात आहेत आणि त्यांच्यात 2 मिनिटांचे अंतर आहे. वारा पूर्ण पडलेला असेल आणि भोवरे मिनिटाला 300 ते 400 फूट उतरत असतील, तर पुढच्याचे भोवरे तेवढ्या वेळात 600 ते 800 फूट खाली उतरलेले असतील आणि मागचे विमान त्यांच्या बरेच वरून निघून जाईल. पण विमाने वाऱ्याला सामोरी जाऊनच उडतात. समोरून 20 नॉटचा, म्हणजे तासाला 20 नॉटिकल मैलांचा, वारा असेल तर 2 मिनिटांत भोवरे दोन तृतीयांश मैल मागे वाहून येतात. मागे येताना ते चढाच्या रेषेच्या उंच भागातून आलेले असतात, त्यामुळे जमिनीवरच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर पाहिले तर ते 400 फुटांनी वर सरकल्यासारखे भासतात. उतरण्यातून जे मिळाले त्यातले निम्मे किंवा त्याहून अधिक वाऱ्याने परत घेतले. वारा 30 नॉट झाला तर हाच आकडा 600 फूट होतो, आणि भोवरे थेट मागच्या विमानाच्या वाटेवर येऊन बसतात. त्यात मागचे विमान भरलेले असेल, हवा उष्ण असेल आणि चढ जरा मंद असेल, तर धावपट्टीपासून 10 मैलांवर चढातील 5 टक्क्यांची उणीवसुद्धा त्याला 300 फूट खाली ठेवते. मुंबईहून पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानांना समुद्रावरचा वारा बहुधा समोरूनच असतो. आपण वर्णन केलेली जागा या हिशेबात चपखल बसते.

आकाश निरभ्र आणि हवा शांत होती, म्हणून आपल्याला आश्चर्य वाटले. खरे पाहता हवा शांत असते तेव्हाच हे भोवरे सर्वाधिक काळ टिकतात. आधीच घुसळलेली हवा त्यांना लवकर मोडून टाकते, तर सकाळच्या थंड, स्थिर थरात ते अखंड राहतात. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी विमान उतरताना जे हादरे बसतात ते याच्या नेमके उलट प्रकारचे असतात. तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला वरखाली उचलते आणि ते बराच वेळ चालते. पावसाळी ढगांचे हादरे पुन्हा निराळे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी आपल्याच शहरातून विमाने उडवली, ती मुद्दाम अशा ढगांच्या जवळ जाण्यासाठी. पाच सेकंदांची, आडवी कलवणारी आणि एकदाच येणारी धडक मात्र ढगाची नसते.

---

वैमानिक, मूळ बार्शी, सध्या पुणे

मी प्रवासी विमाने चालवतो. प्राध्यापिकाबाईंनी धावपट्टीजवळची चढाई समजावली. मी उंचावरच्या चढाईविषयी लिहितो, कारण तेथे हा प्रश्न सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुढचे विमान एका पातळीवर स्थिरावले आणि मागचे त्याच पातळीकडे चढत आले, तर शेवटच्या 1,000 फुटांत त्याला नेमका तोच थर ओलांडावा लागतो ज्यात भोवरे उतरून थबकलेले असतात. यातून सुटका नसते. 10 जानेवारी 2008 रोजी एअर कॅनडाचे एक ए-319 व्हिक्टोरियाहून टोरांटोकडे जाताना 37,000 फुटांकडे चढत होते आणि त्याच्या पुढे 10.7 नॉटिकल मैलांवर एक बोइंग 747 होते. अंतर 5 मैलांच्या दुपटीहून अधिक होते, तरी ए-319 ला भोवरा लागला, ते दोन्ही बाजूंना जोरात कलले, प्रवासी व कर्मचारी जखमी झाले आणि विमान कॅलगरीला वळवावे लागले. चौकशीतून निघालेला निष्कर्ष माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: पहिला धक्का भोवऱ्याचा होता, पण त्यानंतरचे मोठे हेलकावे प्रामुख्याने वैमानिकांनी सावरण्यासाठी दिलेल्या नियंत्रणांमुळे आले.

हीच गोष्ट कितीतरी भीषण स्वरूपात 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये घडली होती. अमेरिकन एअरलाइन्सचे ए-300 जातीचे विमान केनेडी विमानतळावरून जपान एअरलाइन्सच्या 747 मागून निघाले आणि चढाईतच त्याला त्या 747 चे भोवरे लागले. ते भोवरे विमान पाडण्याइतके प्रबळ नव्हते. परंतु विमान चालवणाऱ्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, रडरचे (शेपटीच्या उभ्या पंखावरील सुकाणूचे) पेडल पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे, पुन्हा उजवीकडे असे आलटून पालटून दाबले. शेपटीच्या उभ्या पंखावर तो पेलण्यासाठी बांधला होता त्यापलीकडचा भार आला आणि तो मुळापासून तुटून पडला. विमानातील 260 आणि जमिनीवरील 5 जणांचा बळी गेला. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने त्या नियंत्रणांना अनावश्यक आणि अतिरेकी ठरवले. त्याचबरोबर त्या विमानातील रडर प्रणालीची रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षणातील काही भाग यांचाही त्यात वाटा असल्याचे नोंदवले. त्या फर्स्ट ऑफिसरला एकट्याला दोषी धरून मोकळे होणे मला कधीच पटले नाही. भोवऱ्यात रडर वापरावे असे ज्याच्या मनावर ठसवले गेले, त्याचे पाय घाईच्या क्षणी तेच करणार.

आज आम्हाला शिकवले जाते ते असे: रडरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही, विमान कलले तर एलेरॉनने, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांनी, शांतपणे सरळ करायचे, आणि मुख्य म्हणजे थांबायचे. 777 च्या दोन भोवऱ्यांच्या केंद्रांत सुमारे 50 मीटरचे अंतर असते. एवढ्या अरुंद पट्ट्यात विमान फार काळ राहूच शकत नाही. फिरती हवाच त्याला बाहेर ढकलून देते. आपल्या विमानाचे पहिल्यांदा डावीकडे आणि मग उजवीकडे झुकणे म्हणजे एका भोवऱ्याच्या कडेवरून पलीकडे जाणे होते. वैमानिकांनी घाई केली नाही, म्हणून ते चार-पाच सेकंदांत संपले. वडिलांना एवढे जरूर सांगावे.

---

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचा वाऱ्याचा हिशेब मी वडिलांना कागदावर मांडून दाखवला. ते पूर्वी मागावर हिशेबनीस होते, त्यामुळे आकडे पटले की त्यांची भीती निम्मी होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला, 2 मिनिटांऐवजी 4 मिनिटे थांबायला काय हरकत आहे? दुसरा, एकावर एक उडणाऱ्या विमानांत 1,000 फुटांचे अंतर ठेवतात असे वाचले आहे. भोवरे तेवढेच खाली उतरत असतील तर ते अंतर पुरेसे कसे?

---

निवृत्त नियंत्रक, जुळे सोलापूर

वडिलांना माझा नमस्कार सांगावा. दोन्ही प्रश्न नेमके मर्मावरच आहेत.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते आणि तिच्यावरून गर्दीच्या वेळी तासाला 45 च्या आसपास विमाने उतरतात-उडतात. प्रत्येक हेवीमागे आणखी 2 मिनिटे द्यायची म्हटली तर आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानांची रांग वाढेल, आणि गर्दीच्या आकाशात घिरट्या घालणे हाही एक धोकाच आहे. तरीही वैमानिकाला अधिक वेळ हवा असेल तर तो मागू शकतो आणि नियंत्रक तो देतो. मी अशी विनंती कधी नाकारल्याचे मला स्मरत नाही. शिवाय आता केवळ वजनाऐवजी पंखांची रुंदी आणि मागच्या विमानाची सहनशक्तीही विचारात घेऊन अधिक बारीक गट केले गेले आहेत. 2012 मध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे याची सुरुवात झाली आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनेही सात गटांची रचना स्वीकारली. त्यात काही जोड्यांचे अंतर घटले, काहींचे वाढले. माझ्या मते सरसकट मिनिटे वाढवण्यापेक्षा हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

1,000 फुटांविषयी वडिलांची शंका रास्त आहे. बहुतेक वेळा तेवढे उतरेपर्यंत भोवरे क्षीण झालेले असतात, परंतु नेहमीच नाही. 7 जानेवारी 2017 रोजी अरबी समुद्रावर, मालेहून बर्लिनकडे 34,000 फुटांवरून निघालेल्या चॅलेंजर 604 या लहान जेटच्या वरून, 1,000 फुटांचे नियमित अंतर राखून, समोरून एक ए-380 गेले. थोड्याच वेळात ते जेट भोवऱ्यात सापडून अनेकदा गरगरले आणि सुमारे 9,000 फूट कोसळल्यावर वैमानिकांच्या हाती आले. ते मस्कतला सुखरूप उतरले, पण आतील काही प्रवासी गंभीर जखमी झाले आणि ते विमान पुन्हा उडवण्याजोगे राहिले नाही. म्हणूनच महासागरावरील मार्गांवर वैमानिकांना मध्यरेषेच्या उजवीकडे 2 नॉटिकल मैलांपर्यंत सरकून उडण्याची मुभा असते. रडारच्या कक्षेत असे आपल्या मनाने सरकता येत नाही, तेथे नियंत्रकाची परवानगी लागते.

एटीआरविषयीचा आपला प्रश्न मागे राहिला होता. एटीआर 72 चे कमाल वजन सुमारे 23 टन, म्हणजे गट मीडियमच, परंतु 777 च्या भोवऱ्यात ते ए-320 पेक्षा अधिक कलेल यात शंका नाही. सोलापुरात मात्र त्याच्या पुढे हेवी विमान उडतच नाही आणि दोन उड्डाणांत भरपूर अवकाश असतो, त्यामुळे होटगी रोडवर या कारणाने चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही. मोठ्या विमानतळावर मात्र एटीआरच्या वैमानिकालाही तेच नियम आणि तीच दक्षता लागू होते.

---

वैमानिक, मूळ बार्शी, सध्या पुणे

एक व्यावहारिक सूचना राहून गेली. अशा झटक्यात कोणाला लागले असेल, अगदी आपल्या वडिलांसारखा मुका मार असला तरी, विमानातून उतरण्यापूर्वी ते केबिन कर्मचाऱ्यांना सांगावे. दुखापतीची नोंद झाली की कॅप्टन आपल्या अहवालात ती लिहितो, आणि मग विमानातील नोंदयंत्रावरून त्या क्षणी विमान किती अंशांनी कलले, ऑटोपायलट सुटला का, पुढचे विमान कोणते होते व किती अंतरावर होते, हे सगळे तपासले जाते. अशा नोंदी साचल्यावरच एखाद्या विशिष्ट जोडीचे अंतर कमी पडते आहे हे ध्यानात येते. आणि सीट बेल्टचा दिवा विझला तरी बकल लावलेलेच असू द्यावे. आम्ही कॉकपिटमध्ये पूर्ण वेळ बेल्ट बांधूनच बसतो.